सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे : इंग्रजीतील काही नेहमीच्या शंका

इंग्रजी लिहिताना सुशिक्षित माणसाची लेखणी ज्या जागी अडते, त्या जागा फार नाहीत. ‘इट इज आय’ लिहावे की ‘इट इज मी’? ‘हू’ योग्य की ‘हूम’? ‘इफ आय वॉज’ म्हणावे की ‘इफ आय वेअर’? फाशी दिलेल्या माणसाविषयी ‘हंग’ वापरावे की ‘हँग्ड’? ‘एव्हरीवन’ या एकवचनी शब्दामागून ‘देअर’ हे अनेकवचनी सर्वनाम चालेल काय? या शंका नीट तपासल्या, तर त्या दोनच ठिकाणी एकवटलेल्या दिसतात : सर्वनामांच्या रूपांत आणि क्रियापदांच्या रूपांत. नामांच्या किंवा विशेषणांच्या रूपांविषयी असा गोंधळ क्वचितच होतो. याला कारण आहे, आणि ते एकदा ध्यानी आले की पुष्कळ शंकांची उत्तरे पाठ न करताही सापडू शकतात.

आणखी एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. व्याकरणाच्या पुस्तकात सगळे नियम एका ओळीत बसलेले असले, तरी त्यांची योग्यता सारखी नसते. काही नियम भाषेच्या घडणीतूनच आलेले असतात. ते मोडले तर अर्थ बिघडतो. काही नियम म्हणजे औपचारिक लेखनातील शिष्टाचार होत. ते मोडले तर अर्थ बिघडत नाही, पण लिहिणारा बेफिकीर ठरतो. आणि काही नियम सतराव्या-अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनी लॅटिनचा आदर्श समोर ठेवून किंवा तर्काच्या सोयीसाठी घालून दिलेले आहेत. या तिन्ही प्रकारांतील भेद ओळखता येणे अत्यंत आवश्यक आहे, कारण एखाद्या सर्वनामाच्या अर्थावर माणसांचे हक्क अवलंबून राहिल्याचे दाखले इंग्लंडप्रमाणे भारताच्या इतिहासातही आहेत.

जुन्या रूपांचे अवशेष

सुमारे इ. स. ११०० पर्यंतच्या प्राचीन इंग्रजीत नामाला चार मुख्य विभक्ती आणि तीन लिंगे होती. शब्दाच्या आरंभीच्या अक्षरावर आघात देण्याच्या सवयीमुळे शेवटचे प्रत्यय हळूहळू क्षीण झाले. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी आणि १०६६ नंतर नॉर्मन सत्ताधाऱ्यांशी आलेल्या संपर्कामुळे ही झीज अधिकच वाढली. पंधराव्या शतकापर्यंत नामाजवळ अनेकवचनाचा आणि षष्ठीचा, एवढेच प्रत्यय उरले. मग कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे सांगण्याचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ ही दोन्ही वाक्ये एकच घटना सांगतात, कारण ‘ला’ हा प्रत्यय कर्माला चिकटून राहतो. इंग्रजीत दोन नामांची जागा बदलली की चावणारा आणि चावला गेलेला यांचीच अदलाबदल होते.

विभक्तीची ही जुनी व्यवस्था सर्वनामांत मात्र अंशतः टिकली. ‘आय–मी’, ‘ही–हिम’, ‘शी–हर’, ‘वी–अस’, ‘दे–देम’ आणि ‘हू–हूम’ अशा सहा जोड्यांत कर्त्याचे आणि कर्माचे रूप आजही वेगळे आहे. ‘यू’ आणि ‘इट’ यांच्यात तो भेद नाही, म्हणून त्यांच्याविषयी कोणालाही शंका येत नाही. विभक्तीविषयीच्या सर्व शंका या सहा जोड्यांपुरत्याच आहेत. बाकीची भाषा शब्दक्रमावर चालत असताना एवढ्याच ठिकाणी प्रत्ययांचे जुने राज्य शिल्लक राहिले, आणि दोन राज्यांच्या सीमेवर जसा वाद असतो तसा येथेही तो राहिला.

कर्ता आणि कर्म

सर्वांत वारंवार होणारी चूक जोडसर्वनामांत आढळते. ‘द टीचर कॉल्ड राम अँड आय’ असे पुष्कळजण लिहितात. येथे एक साधी कसोटी पुरेशी आहे : ‘राम अँड’ एवढे शब्द काढून टाकावेत. ‘द टीचर कॉल्ड आय’ असे कोणीही म्हणणार नाही; म्हणून ‘राम अँड मी’ हेच बरोबर. याच कसोटीने ‘राम अँड मी वेंट’ ही रचना औपचारिक लेखनात चुकीची ठरते, कारण ‘मी वेंट’ म्हणता येत नाही.

ही चूक कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. लहानपणी ‘राम अँड मी वेंट’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक टोकतात आणि ‘राम अँड आय’ म्हणायला शिकवतात. मुलाच्या मनात एवढेच ठसते की, जोडशब्दात ‘आय’ हे सभ्य आणि ‘मी’ हे गावंढळ. मग ‘बिटवीन’ या शब्दयोगी अव्ययापुढेही तो ‘यू अँड आय’ लिहू लागतो. हा अज्ञानाचा दोष नव्हे. अति शुद्ध बोलण्याच्या धडपडीचा दोष आहे. बोलीत ‘पानी’ म्हणणारा मनुष्य ‘पाणी’ शिकतो आणि त्याच उत्साहात ‘मन’चेही ‘मण’ करून टाकतो, तोच हा प्रकार. ‘बिटवीन यू अँड आय’ हे शब्द शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातील एका पत्रातही आले आहेत. तेव्हा ही रचना जुनी आहे हे खरे; तथापि आजच्या प्रमाण लेखनात ‘बिटवीन यू अँड मी’ हेच स्वीकारले जाते.

‘इट इज आय’ची कथा वेगळी आहे. लॅटिनमध्ये ‘असणे’ या क्रियापदानंतर प्रथमा विभक्ती येते. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात हाच न्याय इंग्रजीला लावला. त्याच्या आदल्याच वर्षी जोसेफ प्रीस्टली यांचे व्याकरण निघाले होते. ऑक्सिजनच्या शोधामुळे पुढे प्रसिद्धी पावलेले हे शास्त्रज्ञ भाषेच्या बाबतीत रूढीलाच प्रमाण मानणारे होते. शाळांत मात्र लाउथ यांची परंपरा रुजली, आणि १७९५ मध्ये लिंडले मरे यांच्या व्याकरणाने ती दूरवर पोचवली. लॅटिनचा साचा असा इंग्रजीवर आला आणि इंग्रजीचा साचा पुढे भारतीय भाषांवर आला. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणापासून शब्दांच्या आठ जाती शिकवण्याची जी प्रथा पडली, ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरचीच होय.

क्रियापदानंतरची जागा कर्माची, असे इंग्रजी शब्दक्रम सांगतो. म्हणून बोलण्यात ‘इट्स मी’ हेच सहज आहे आणि त्यात गैर काही नाही. ‘इट इज आय’ हे अतिशय औपचारिक लेखनात शोभते. दारावर थाप मारणाऱ्याच्या तोंडी ते कृत्रिम वाटते. येथे प्रश्न चूक-बरोबरचा नसून प्रसंगाचा आहे.

‘दॅन’ या शब्दानंतर मात्र रूपाने अर्थच बदलू शकतो. ‘शी लाइक्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे ‘मला तू जितका आवडतोस, त्याहून तिला अधिक आवडतोस’. आणि ‘दॅन मी’ म्हटले, तर सामान्यतः ‘तिला माझ्यापेक्षा तू अधिक आवडतोस’ असा बोध होतो. अशा ठिकाणी क्रियापद पूर्ण लिहिणे हाच सुरक्षित मार्ग : ‘मोअर दॅन आय डू’.

‘हू’ आणि ‘हूम’ यांची निवड उत्तरावरून करावी. उत्तरात ‘ही’ येत असेल तर ‘हू’, ‘हिम’ येत असेल तर ‘हूम’. ‘हूम डिड यू मीट?’ याचे उत्तर ‘आय मेट हिम’ असे येते. मात्र ‘हूम डू यू थिंक इज गिल्टी?’ हे वाक्य सफाईदार वाटले तरी चुकीचे आहे. मधले ‘डू यू थिंक’ बाजूला ठेवले, तर ‘हू इज गिल्टी’ एवढा गाभा उरतो आणि ‘हू’ हा कर्ता असल्याचे स्पष्ट होते. बोलण्यात ‘हूम’ आता विरळ होत चालला आहे. शब्दयोगी अव्ययाच्या लगेच मागून येणारे ‘टू हूम’ आणि ‘फॉर हूम’ मात्र लेखनात पक्के आहेत.

‘मायसेल्फ’ आणि ‘इट्स’

‘मायसेल्फ राम’ असा स्वतःचा परिचय भारतभर ऐकू येतो. या रूपाला वाक्यात आधी ‘आय’चा आधार लागतो. ‘आय हर्ट मायसेल्फ’ यात कर्ता आणि कर्म एकच व्यक्ती आहे, म्हणून ते रूप योग्य. ‘आय मायसेल्फ सॉ इट’ यात ते भर देण्यासाठी आले आहे. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ यात यांपैकी कोणतेच कारण नाही. तेथे साधे ‘मी’ पुरते. परिचय करून देताना ‘आय अॅम राम’ म्हणावे.

स्ववाचकतेच्या बाबतीत मराठी इंग्रजीहून अधिक नेमकी आहे. ‘गोविंदाने आपले पुस्तक उचलले’ आणि ‘गोविंदाने त्याचे पुस्तक उचलले’ यांतील भेद मराठी वाचकाला सहज कळतो. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘हिज’ एकच. म्हणून एका वाक्यात दोन पुरुष आले की इंग्रजी सर्वनाम संदिग्ध होते, आणि तेव्हा नामाचा पुन्हा उच्चार करणे हाच उपाय उरतो. भाषांतर करणाऱ्याला तर प्रत्येक ‘हिज’पाशी थांबून ‘आपले’ की ‘त्याचे’ हे ठरवावेच लागते.

‘इट्स’ या षष्ठीच्या रूपात वर्णलोपाचे चिन्ह नसते. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांतही ते नसते, हे आठवले की शंका मिटते. ते चिन्ह असलेले ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप होय. षष्ठीचे हे रूप इंग्रजीत उशिरा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले. त्यापूर्वी निर्जीव वस्तूंसाठीही ‘हिज’ वापरत, आणि १६११ च्या प्रसिद्ध बायबल-भाषांतरात ही जुनी पद्धत दिसते.

क्रियापदांची तीन रूपे

इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप, भूतकाळाचे रूप आणि भूतकालवाचक धातुसाधित अशी तीन रूपे शिकवली जातात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला हाती घेऊन इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ही रूपे तोंडपाठ केली. बहुसंख्य क्रियापदे भूतकाळात एकच प्रत्यय घेतात. ‘सिंग–सँग–संग’ यांसारखी काही आपला स्वर बदलतात. ही स्वर बदलणारी क्रियापदे म्हणजे अपवादांची अडगळ नव्हे. एका फार जुन्या व्यवस्थेचे ते वंशज होत. त्यांतील पुष्कळ काळाच्या ओघात नियमित झाली. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. आज तो ‘हेल्प्ट’ असा उच्चारला जाणारा नियमित शब्द आहे. उलट ‘डिग’ हे पूर्वी नियमित होते, त्याचे पुढे ‘डग’ झाले.

ही झीज नियमाने होते, असे २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवण्यात आले. अभ्यासकांनी प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतील १४५ अनियमित राहिली होती आणि आजच्या इंग्रजीत ९८. एखादे क्रियापद दुसऱ्याहून शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘बी’, ‘हॅव’, ‘गो’ यांसारखी अत्यंत अनियमित क्रियापदेच सर्वाधिक वापरातली का आहेत, याचे उत्तर यात मिळते. रोज कानी पडणारे रूप विसरले जात नाही.

‘आय हॅव वेंट’ किंवा ‘आय हॅव सॉ’ अशी चूक दुसऱ्या व तिसऱ्या रूपांची सरमिसळ झाल्याने होते. ‘हॅव’च्या मागून नेहमी तिसरे रूप येते : ‘गॉन’, ‘सीन’. ‘वेंट’ हे तर मुळात ‘गो’चे नव्हेच, ते ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाकडून उसने आणलेले आहे.

इंग्रज आणि अमेरिकन लोकही ज्या जोडीत हटकून अडखळतात, ती ‘लाय’ आणि ‘ले’ यांची. मराठी वाचकाला ती सोपी वाटावयास हवी. ‘पडणे’ अकर्मक, ‘पाडणे’ सकर्मक. ‘मरणे’ अकर्मक, ‘मारणे’ सकर्मक. त्याचप्रमाणे ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. आणि ‘ले’ म्हणजे काहीतरी आडवे ठेवणे. ‘राइज–रेझ’ आणि ‘सिट–सेट’ याच जातीच्या जोड्या होत. घोटाळा होतो तो रूपांमुळे. ‘लाय’ची रूपे ‘लाय–ले–लेन’ अशी आहेत आणि ‘ले’ची ‘ले–लेड–लेड’. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप अगदी एकसारखे असल्यामुळे कान फसतो. ‘काल तो दिवसभर पडून होता’ यासाठी ‘ही ले’ म्हणावे. ‘त्याने पुस्तक मेजावर ठेवले’ यासाठी ‘ही लेड’. वाक्यात कर्म आहे की नाही, एवढे पाहिले की निवड होते.

‘हँग’ या क्रियापदाची भूतकाळात दोन रूपे आहेत. चित्र भिंतीवर टांगले, तर ‘हंग’; माणसाला फाशी दिले, तर ‘हँग्ड’. दुसरे रूप टिकले याचे श्रेय कायद्याच्या भाषेला दिले जाते. न्यायालयाचे शिक्षेचे शब्द पिढ्यान्पिढ्या तसेच उच्चारले जात, म्हणून इतरत्र ‘हंग’ पसरले तरी तेथे जुने रूप राहिले.

काळ, संकेत आणि आज्ञा

भारतीय भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजीच्या काळांविषयी ज्या शंका येतात, त्यांतील काहींचे मूळ त्यांच्या स्वतःच्या भाषेत असते. ‘मी कालच त्यांना भेटलो आहे’ असे मराठीत म्हणता येते. इंग्रजीत ‘हॅव मेट’ आणि ‘यस्टरडे’ यांचे जमत नाही. घडून गेलेल्या क्रियेची वेळ निश्चित सांगितली की तेथे साधा भूतकाळच हवा : ‘आय मेट हिम यस्टरडे’. उलट ‘मी येथे २०१० पासून काम करत आहे’ या वाक्याचा शब्दशः अनुवाद ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स २०१०’ असा होतो, आणि तो चुकतो. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या क्रियेसाठी ‘आय हॅव बीन वर्किंग’ म्हणावे लागते. ज्ञान, मालकी किंवा नाते दाखवणारी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. म्हणून ‘आय अॅम नोइंग’ किंवा ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ या रचना प्रमाण इंग्रजीत टाळल्या जातात.

संकेतार्थाच्या बाबतीत मात्र मराठीचे ज्ञान साह्यकारी ठरते. ‘मी तुमच्या जागी असतो, तर गेलो नसतो’ यातील ‘असतो’ हे रूपच सांगते की, बोलणारा त्या जागी नाही. हेच काम इंग्रजीत ‘इफ आय वेअर’ करते. याउलट ‘तो काल तेथे असेल, तर त्याने ते पाहिले असेलच’ यात शक्यता खुली आहे; अशा वेळी ‘इफ ही वॉज देअर’ हेच योग्य. अति शुद्धतेच्या नादाने प्रत्येक ‘इफ’पुढे ‘वेअर’ लिहिणारे हा भेद पुसून टाकतात.

येथे एक सापळाही आहे. ‘मला ठाऊक असते, तर मी आलो असतो’ यात मराठीने दोन्ही उपवाक्यांत एकाच जातीचे रूप योजले आहे. त्यामुळे ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असे लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत ‘वुड हॅव’ फक्त परिणाम सांगणाऱ्या वाक्यात येते. अट सांगताना ‘इफ आय हॅड नोन’ एवढेच म्हणावे.

आज्ञा, मागणी किंवा आग्रह यांनंतर क्रियापदाचे मूळ रूप वापरण्याची रीत आहे. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही इज प्रेझेंट’ म्हणजे तो हजर आहे असे ती ठासून सांगते. ‘दॅट ही बी प्रेझेंट’ म्हणजे त्याने हजर असावे असा तिचा आग्रह आहे. अर्थातील एवढे मोठे अंतर एका लहानशा रूपाने दाखवले जाते.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांचा प्रसिद्ध नियम गणितज्ञ जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिन ग्रंथात आढळतो. प्रथम पुरुषी ‘शॅल’ केवळ भविष्य सांगते आणि ‘विल’ निश्चय. द्वितीय व तृतीय पुरुषी याच्या उलट, असा तो नियम. सर्व इंग्रजी भाषक तो पाळत आले असे कधीच झाले नाही. आज सामान्य भविष्यकाळासाठी सर्व पुरुषी ‘विल’ चालते. कायद्यात मात्र ‘शॅल’ अजून बंधन सुचवते, आणि ते बंधन अनिवार्य आहे की केवळ मार्गदर्शक, यावर न्यायालयांत अनेकदा वाद झाले आहेत.

‘ही’ म्हणजे कोण?

भारताच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत देहदंडाचा आदेश कसा द्यावा हे सांगणारे एक वाक्य होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही ते पुढे चालवले. वर आलेल्या बहुतेक शंका त्या एका वाक्यात भेटतात : बंधनकारक ‘शॅल’, आज्ञेनंतरचे ‘बी’, फाशीसाठी ‘हँग्ड’, आणि आरोपीसाठी ‘ही’. आरोपी स्त्री असली तर या ‘ही’मुळे ती शिक्षेबाहेर राहते, असे कोणी मानलेले नाही. शिक्षेच्या वाक्यात ‘ही’ सर्वांना सामावून घेतो. हक्कांच्या वाक्यात मात्र नेहमीच तसे झाले नाही.

‘प्रत्येकाने आपले’ अशा अर्थी इंग्रजीत ‘देअर’ वापरण्याची प्रथा चौदाव्या शतकापासून आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्याकरणकारांनी पुल्लिंगी ‘ही’ स्त्री-पुरुष दोघांचाही बोध करतो असा नियम सांगण्यास आरंभ केला. तो सांगणाऱ्या पहिल्या व्याकरणांपैकी एक अॅन फिशर या शिक्षिकेचे होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असा कायदाच केला. त्याच्या आधारे १८६७ च्या सुधारणा कायद्यातील ‘मॅन’ या शब्दाखाली मँचेस्टरच्या हजारो स्त्रियांनी मताधिकार मागितला. १८६८ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. अमेरिकेत सुसान अँथनी यांनी १८७२ मध्ये मतदान केले, म्हणून पुढील वर्षी त्यांच्यावर खटला चालून शंभर डॉलर दंड झाला. कायद्यातील ‘ही’मध्ये स्त्रिया येत नसतील, तर त्यांच्याकडून कर घेण्याचा आणि त्यांना शिक्षा करण्याचाही अधिकार कायद्याला नाही, असा युक्तिवाद त्यांनी आपल्या व्याख्यानात केला होता.

भारतातही हेच घडले. १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर महिलेने वकिलीची सनद मागितली. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात पुल्लिंगी सर्वनामे होती आणि पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत समजावे असा सर्वसाधारण नियमही कायद्यात होता. तरी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज नाकारला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा उच्च न्यायालयात तोच अनुभव आला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी केली. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. अखेर १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिलीस अपात्र ठरवण्याची रीत बंद करावी लागली. व्याकरणाचा नियम सर्व काळ एकच होता. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे वाचणाऱ्यांनी ठरवले.

आज भारताच्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत राष्ट्रपतींसाठी ‘ही’ असूनही प्रतिभा पाटील २००७ मध्ये आणि द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये त्या पदावर आल्या, तेव्हा कोणी शंका काढली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने उलट मार्ग धरला : त्यात ‘शी’ हे सर्वनाम कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीसाठी योजले आहे.

सामान्य लेखनात ‘ही ऑर शी’ पुन्हा पुन्हा लिहिणे जड वाटते, म्हणून जुने एकवचनी ‘दे’ पुन्हा प्रतिष्ठा पावले आहे. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्या व्यक्तींसाठीही ते वापरले जाते. अनेकवचन एकाला कसे लावावे, हा आक्षेप नवा नाही. ‘दाऊ’ हे एकवचन मागे पडून एका माणसालाही ‘यू’ म्हटले जाऊ लागले, तेव्हा क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी १६६० मध्ये त्याविरुद्ध एक ग्रंथच काढला. आज एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना कोणाला अवघडत नाही. मराठी वाचकाला तर याचे नवल वाटू नये. ‘गुरुजी आले’ या वाक्यात एका व्यक्तीसाठी अनेकवचनी क्रियापद येते आणि त्याने व्याकरण बिघडत नाही, उलट आदर दिसतो. बंगालीत तर तृतीय पुरुषी सर्वनामाला लिंगच नाही, आणि त्यामुळे त्या भाषेचे काही अडत नाही.

निर्णय कसा करावा

शंका आली की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, रूप बदलल्याने अर्थ बदलतो काय? ‘लाय’ आणि ‘ले’, ‘वॉज’ आणि ‘वेअर’, ‘ही इज’ आणि ‘ही बी’ यांत तो बदलतो. तेथे नियम काटेकोरपणे पाळावा. दुसरा, अर्थ न बदलता केवळ प्रसंगाचा प्रश्न आहे काय? ‘इट्स मी’ आणि ‘इट इज आय’, ‘हू’ आणि ‘हूम’ यांत तसे आहे. तेथे कोणाला आणि कशासाठी लिहितो हे पाहावे. तिसरा, हा नियम कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घालून दिला? ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे कोष्टक किंवा सर्वसमावेशक ‘ही’ यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अर्जात, निवेदनात किंवा नियमावलीत सर्वनाम लिहिताना या तिसऱ्या प्रश्नाचे मोल अधिक असते. ‘प्रत्येक कर्मचाऱ्याने’ असे म्हणून पुढे ‘ही’ लिहिण्याऐवजी वाक्य अनेकवचनी करावे, नामाचा पुन्हा उच्चार करावा किंवा सर्वनामच टाळावे. ज्यांच्यासाठी नियम लिहिला जातो, त्या सर्वांना आपण त्यात आहोत हे दुसऱ्या कोणाच्या अर्थ लावण्यावर अवलंबून न राहता कळावे, एवढी काळजी लिहिणाऱ्याला घेता येते.